सोयाबीनच्या तेलातून औषधाकडे : पर्सी ज्यूलियन यांचे आयुष्य

रसायनशास्त्रात एखादा पदार्थ प्रथम तयार करणाऱ्याचे नाव ग्रंथांत राहते. तोच पदार्थ परवडेल अशा किमतीत, मोठ्या प्रमाणावर आणि दर खेपेला सारख्याच शुद्धतेने तयार करण्याची रीत बसवणाऱ्याचे नाव मात्र बहुधा पेटंटांच्या दप्तरातच राहून जाते. हे दुसरे काम औद्योगिक रसायनशास्त्रज्ञाचे होय. परीक्षानळीत चार-दोन ग्रॅमवर साधलेली प्रक्रिया हजारो लिटरच्या पात्रात नेली की उष्णता बाहेर पडायला वाट सापडत नाही, मिश्रण सर्वत्र सारखे ढवळले जात नाही, आणि पदार्थ विरघळवून घेण्यासाठी वापरलेला द्रव, म्हणजे विद्रावक, परत हाती आला नाही तर खर्च भरून निघत नाही. म्हणून प्रयोगशाळेतील यश आणि औषधाच्या दुकानातील बाटली यांच्यामध्ये पुष्कळदा अनेक वर्षांचे श्रम उभे असतात. अमेरिकेतील पर्सी लॅव्हन ज्यूलियन (१८९९–१९७५) यांनी हे श्रम जवळजवळ चार दशके केले. शंभराहून अधिक पेटंटे त्यांच्या नावावर आहेत, आणि संप्रेरकांवर आधारलेली औषधे सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आणणाऱ्या मोजक्या लोकांत त्यांची गणना होते. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना विद्यापीठांची दारे बंद झाली, हे त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितले जाते आणि ते सांगायलाच हवे. परंतु त्यांना घडवणारे घर आणि त्यांनी ज्यासाठी आयुष्य वेचले तो समाज यांना वगळून केवळ एकट्या प्रतिभावंताची कथा सांगितली, तर त्यांच्या कामाचे मर्म हाती लागत नाही.

ज्यूलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे झाला. वडील जेम्स रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून होते आणि आई एलिझाबेथ शिक्षिका होती. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले होते. गुलामाने लिहायला-वाचायला शिकणे हा त्या काळी अपराध मानला जाई आणि त्या अपराधाची शिक्षा म्हणून आजोबांच्या हाताची दोन बोटे तोडली गेली होती, असे ज्यूलियन सांगत असत. अशा घरात शिक्षणाला केवळ नोकरीचे साधन मानले जाणे शक्यच नव्हते. मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीय मुलांसाठी सार्वजनिक शिक्षण आठवीपाशी संपत असे, त्यामुळे पर्सी यांना शिक्षक घडवणाऱ्या एका अध्यापन विद्यालयात जावे लागले आणि तेथील शिक्षण महाविद्यालयाच्या मानाने बरेच अपुरे होते. तरीही १९१६ मध्ये इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल गावच्या डिपॉ विद्यापीठात त्यांना प्रवेश मिळाला. तेथे राहिलेली उणीव भरून काढण्यासाठी ते शालेय वर्गांनाही बसत, एका विद्यार्थीगृहाची भट्टी पेटती ठेवत, जेवणाच्या मेजांवर वाढपाचे काम करत आणि त्याच घराच्या माळ्यावर राहत. १९२० मध्ये ते पदवी परीक्षेत वर्गात पहिले आले.

पुढे साऱ्या कुटुंबाने जे केले ते थोरल्या मुलाच्या यशाइतकेच विचारात घेण्यासारखे आहे. ज्यूलियन दांपत्याने मॉन्टगोमेरीतील आपले बिऱ्हाड ग्रीनकॅसलला हलवले आणि पर्सी यांच्या पाठची पाचही भावंडे त्याच विद्यापीठात शिकली. दोघे भाऊ डॉक्टर झाले आणि तिघी बहिणींनी पदव्युत्तर पदव्या मिळवल्या. टपाल कारकुनाच्या पगारात सहा मुलांना उच्च शिक्षण देण्यासाठी या घराने किती काटकसर केली असेल याची कल्पना करता येते. स्वतःचे यश इतरांना वर ओढण्यासाठी वापरायचे असते, हा धडा पर्सी यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

पदवीनंतर त्यांनी टेनेसीतील फिस्क विद्यापीठात अध्यापन केले आणि शिष्यवृत्ती मिळवून १९२३ मध्ये हार्वर्डची पदव्युत्तर पदवी घेतली. गोरे विद्यार्थी कृष्णवर्णीय शिक्षकाकडून शिकायला तयार होणार नाहीत, या सबबीवर हार्वर्डने त्यांना साहाय्यक अध्यापकाची जागा दिली नाही आणि तेथेच डॉक्टरेट करण्याचा मार्ग खुंटला. मधली काही वर्षे वेस्ट व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन येथील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांत शिकवण्यात गेली. १९२९ मध्ये रॉकफेलर निधीच्या शिष्यवृत्तीवर ते ऑस्ट्रियात व्हिएन्ना विद्यापीठात गेले आणि अर्न्स्ट श्पेट यांच्या मार्गदर्शनाखाली १९३१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. श्पेट हे अल्कलॉइडांचे त्या काळातील मोठे जाणकार होते. अल्कलॉइडे म्हणजे वनस्पतींत आढळणारी, नायट्रोजन असलेली, चवीला बहुधा कडू आणि शरीरावर तीव्र परिणाम करणारी संयुगे. अफूतील मॉर्फिन आणि सिंकोनाच्या सालीतील क्विनीन ही त्यांची सर्वांना माहीत असलेली उदाहरणे आहेत. व्हिएन्नात ज्यूलियन यांना संशोधनाची पद्धत तर मिळालीच, पण जर्मन भाषेवर प्रभुत्वही आले, आणि पुढे एका कारखान्यात या भाषेचा फार उपयोग झाला.

मायदेशी परतल्यावर ते वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठात रुजू झाले, परंतु तेथील कटू वादांमुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली, तेव्हा डिपॉतील त्यांचे जुने शिक्षक विल्यम ब्लँचर्ड यांनी त्यांना संशोधनासाठी बोलावून घेतले. व्हिएन्नातील सहकारी योसेफ पिकल हेही त्यांच्याबरोबर होते. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार नावाचा एक विषारी घेवडा होतो. त्याच्या बीतील फायसोस्टिग्माइन हे अल्कलॉइड काचबिंदूवर, म्हणजे डोळ्यातील दाब वाढून दृष्टी हळूहळू नष्ट करणाऱ्या विकारावर, एकोणिसाव्या शतकापासून वापरले जात होते. त्याची रेणुरचना कळलेली असली, तरी साध्या रसायनांपासून सुरुवात करून ते पूर्णपणे कृत्रिमरीत्या बनवणे, ज्याला संपूर्ण संश्लेषण म्हणतात, कोणालाही साधलेले नव्हते. ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन हे त्या काळचे कार्बनी रसायनशास्त्रातील सर्वांत वजनदार नाव; तेही याच मार्गावर होते आणि शेवटच्या टप्प्याच्या अलीकडचे संयुग आपल्याला मिळाल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले होते. ज्यूलियन आणि पिकल यांनी केलेले तेच संयुग रॉबिन्सन यांच्या संयुगाशी जुळेना. शुद्ध पदार्थ ठरावीक तापमानालाच वितळतो, त्यामुळे वितळण्याचे तापमान, म्हणजे द्रवणांक, ही पदार्थाची ओळख पटवण्याची खात्रीची खूण असते. नैसर्गिक फायसोस्टिग्माइनपासून मिळवलेल्या नमुन्याशी ताडून पाहता ज्यूलियन यांचेच संयुग खरे ठरले. १९३५ मध्ये हे संश्लेषण पूर्ण झाले. छोट्या महाविद्यालयातील, कायम नेमणूक नसलेल्या, छत्तिशीच्या संशोधकाने रॉबिन्सन यांची चूक छापील निबंधात नावानिशी दाखवावी, यासाठी आपल्या प्रयोगांवर किती विश्वास असावा लागला असेल! अमेरिकन केमिकल सोसायटीने १९९९ मध्ये या कार्याला राष्ट्रीय ऐतिहासिक रासायनिक वारशाचा दर्जा दिला.

एवढ्या यशानंतरही डिपॉने त्यांना प्राध्यापकपद दिले नाही, आणि त्याचे कारण त्यांचा वर्ण हेच होते. ड्यू पॉन्ट या बलाढ्य रसायन कंपनीने पिकल यांना नोकरी दिली, ज्यूलियन यांना नाही. विस्कॉन्सिनमधील अ‍ॅपलटन येथील कागदविषयक संशोधन संस्थेला ते हवे होते, परंतु त्या गावात कृष्णवर्णीयाला रात्री मुक्काम करण्यास मनाई होती. शेवटी १९३६ मध्ये रंग आणि वार्निश तयार करणाऱ्या ग्लिडन कंपनीने शिकागोतील आपल्या सोया विभागाचे संशोधन-संचालकपद त्यांना देऊ केले. आदल्याच वर्षी, १९३५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला, त्यांचा विवाह अ‍ॅना जॉन्सन यांच्याशी झाला होता. अ‍ॅना समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्या विषयात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकन स्त्री ठरल्या. या जोडप्याच्या पुढील सर्व निर्णयांत दोघांचीही बुद्धी होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

विदर्भ-मराठवाड्यात आज सोयाबीन हे खरिपाचे मोठे पीक आहे आणि तेल काढून उरलेल्या पेंडीचा व्यापार तेथे सर्वांच्या परिचयाचा आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत सोयाबीनचे औद्योगिक उपयोग नुकतेच शोधले जात होते. ग्लिडनने जर्मनीतून तेल काढण्याची यंत्रसामग्री आणली होती, तेव्हा ज्यूलियन यांचे जर्मन भाषाज्ञान कामी आले. तेल निघाल्यावर उरलेल्या चोथ्यातून शुद्ध प्रथिन वेगळे करण्याची रीत त्यांनी कारखान्यात बसवली. कागदाला गुळगुळीत लेप देण्यासाठी तोवर दुधातील केसीन वापरत; त्याची जागा हे स्वस्त वनस्पतिज प्रथिन घेऊ लागले आणि पुढे पाण्यात कालवण्याच्या रंगांतही ते वापरले गेले. याच प्रथिनापासून दुसऱ्या एका कंपनीने आग विझवणारा फेस तयार केला. पेटलेल्या तेलावर पाणी मारले तर तेल पाण्यावर तरंगून आग उलट पसरते. फेसाचा थर मात्र तेलाला झाकून हवा तोडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर हा फेस वापरला गेला आणि असंख्य खलाशांचे प्राण त्यामुळे वाचले.

सोयाबीनच्या तेलात ज्यूलियन यांचे मन मात्र आधीपासूनच वेगळ्या कारणासाठी गुंतले होते. कॅलाबार घेवड्याच्या तेलातून त्यांना स्टिग्मास्टेरॉल नावाचे संयुग मिळाले होते आणि तेच सोयाबीनच्या तेलातही असते, हे त्यांना ठाऊक होते. स्टेरॉइड वर्गातील सर्व संयुगांचा सांगाडा एकच असतो: कार्बन अणूंची सहा कोनांची तीन आणि पाच कोनांचे एक, अशी चार वलये परस्परांना चिकटलेली असतात. प्राण्यांतील कोलेस्टेरॉल, गर्भधारणा टिकवणारे प्रोजेस्टेरॉन, पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन आणि वनस्पतींतील स्टेरॉले यांत फरक असतो तो या सांगाड्याला कोठे काय जोडले आहे एवढाच. ग्रंथींतून रक्तात सोडली जाणारी आणि शरीराच्या व्यवहारांचे नियमन करणारी संप्रेरके अत्यल्प प्रमाणात असतात. १९३४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बुटेनान्ट यांना वीस मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन मिळवण्यासाठी पन्नास हजार डुकरिणींच्या बीजकोशांवर प्रक्रिया करावी लागली होती. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी डॉक्टरांना हे औषध हवे होते, पण अशा मार्गाने ते सामान्य स्त्रीपर्यंत कधीच पोहोचले नसते. सांगाडा वनस्पतीकडून आयता घ्यायचा आणि बाजूची जोडणी तेवढी बदलायची, हा खरा उपाय होता. स्टिग्मास्टेरॉलच्या बाजूच्या साखळीत एक दुहेरी बंध असतो. ओझोन वायूने तो बंध नेमका तोडता येतो आणि साखळी छाटली की प्रोजेस्टेरॉनपर्यंतची वाट मोकळी होते. सोयाबीनमध्ये स्टिग्मास्टेरॉलहून अधिक असणाऱ्या सिटोस्टेरॉलच्या साखळीत असा बंध नसतो, त्यामुळे त्याला ही रीत लागू पडत नाही. प्रयोगशाळेत ही प्रक्रिया जर्मनीत आधीच सिद्ध झाली होती. तेलात अल्प प्रमाणात विरघळलेले स्टेरॉल तेल न नासवता बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता.

उत्तर अपघातातून मिळाले. १९४०च्या सुमारास कारखान्यातील एका लाख गॅलनच्या टाकीत पाणी झिरपून तेलाच्या तळाशी पांढरा साका जमला. माल खराब झाला म्हणून इतरांना चिंता लागली. ज्यूलियन यांनी साका तपासला आणि त्यात स्टेरॉले असल्याचे ओळखले. पाण्याच्या संसर्गाने तेलातून स्टेरॉले अलग होतात, हे कळल्यावर त्यांनी त्या गळतीलाच कारखान्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत जागा दिली. पुढे दिवसाला सुमारे शंभर पौंड मिश्र स्टेरॉले निघू लागली आणि त्यांपासून प्रोजेस्टेरॉन व टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागली. या घटनेला पुष्कळदा केवळ योगायोग म्हटले जाते. परंतु साक्यात काय असू शकेल हे कळण्यासाठी आधी काही वर्षे त्याच संयुगाच्या मागे लागलेला माणूस तेथे असणे आवश्यक होते.

१९४९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन या संप्रेरकाने आमवाताच्या रुग्णांना आलेला विलक्षण आराम जगापुढे मांडला. सांधे सुजून आखडलेली माणसे अंथरुणातून उठून चालू लागली. परंतु ते कॉर्टिसोन मर्क कंपनीत गुरांच्या पित्तापासून छत्तीस टप्प्यांच्या लांबलचक मार्गाने बनवले जात होते आणि त्याची किंमत सोन्यापेक्षा कितीतरी अधिक होती. ज्यूलियन यांनी कॉर्टिसोनचा शोध लावला असे लोकप्रिय लेखनात कधीकधी म्हटले जाते, ते बरोबर नाही. त्यांचे खरे योगदान अधिक अचूकपणे सांगण्याजोगे आहे. कॉर्टिसोनशी पुष्कळ साम्य असलेले, मात्र एका विशिष्ट जागी एक ऑक्सिजन अणू कमी असलेले संयुग ‘पदार्थ एस’ म्हणून ओळखले जाई. सोयाबीनच्या स्टेरॉलपासून निघून हे संयुग करण्याची सुलभ रीत ज्यूलियन यांनी त्याच वर्षी जाहीर केली. उरलेला ऑक्सिजन बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांकरवी बसवता येतो हे १९५०च्या दशकाच्या आरंभी अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवल्यावर या दोन रीती एकत्र आल्या आणि कॉर्टिसोनच्या कुळातील औषधे झपाट्याने स्वस्त झाली. दमा, त्वचारोग आणि आमवात यांवर आज सर्रास लिहून दिली जाणारी हायड्रोकॉर्टिसोनसारखी औषधे याच वाटेने बाजारात आली.

त्याच काळात ज्यूलियन यांच्या घरावर हल्ले होत होते. १९५० मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ने त्यांना वर्षातील शिकागोकर म्हणून गौरवले आणि त्याच वर्षी त्यांनी शिकागोला लागून असलेल्या ओक पार्क या सुखवस्तू, जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांच्या गावात घर विकत घेतले. कुटुंब राहायला येण्यापूर्वीच, नोव्हेंबरमध्ये, अज्ञात लोकांनी आत पेट्रोल ओतून घर जाळण्याचा प्रयत्न केला. पुढच्या जूनमध्ये चालत्या मोटारीतून डायनामाइट फेकले गेले. ते मुलांच्या झोपायच्या खोलीपासून काही अंतरावर फुटले. त्या रात्री पती-पत्नी ज्यूलियन यांच्या वडिलांच्या अंत्यविधीसाठी गेले होते आणि मुलगा व मुलगी अशी दोन्ही मुले घरी होती. त्यानंतर ज्यूलियन यांनी घरावर पहारा ठेवला, आणि अनेक रात्री ते स्वतः बंदूक घेऊन अंगणातील झाडावर बसत, सोबत मुलगाही असे. त्याच उन्हाळ्यात शिकागोतील एका प्रतिष्ठित क्लबने शास्त्रज्ञांच्या बैठकीसाठी आलेल्या ज्यूलियन यांना प्रवेश नाकारला. या प्रसंगांनी खचून कुटुंब दुसरीकडे गेले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी घर सोडले नाही. गावातील पुष्कळ गोऱ्या रहिवाशांनीही सभा घेऊन आणि पत्रे लिहून त्यांना उघड पाठिंबा दिला. पुढील दशकांत वंशसमावेशक वस्तीचे जाणीवपूर्वक धोरण आखणारे गाव म्हणून ओक पार्कची ओळख झाली. त्या बदलाच्या आरंभी हे कुटुंब आणि त्याला साथ देणारे शेजारी होते.

ग्लिडनने स्टेरॉइडांच्या धंद्यातून अंग काढायला सुरुवात केली तेव्हा, १९५३ मध्ये, ज्यूलियन यांनी मोठ्या पगाराची नोकरी सोडून फ्रँकलिन पार्क येथे स्वतःच्या ‘ज्यूलियन लॅबोरेटरीज’ची स्थापना केली. वर्णामुळे किंवा स्त्री असल्यामुळे इतरत्र संधी न मिळालेल्या अनेक रसायनशास्त्रज्ञांना येथे काम मिळाले, आणि ते मेहेरबानी म्हणून नव्हे तर कामाच्या गुणवत्तेवर. एव्हाना मेक्सिकोतील रानटी कंदांमधील डायोस्जेनिन हा स्टेरॉइडांचा सोयाबीनपेक्षाही स्वस्त स्रोत ठरला होता. तेथे कंद गोळा करण्याचा परवाना ज्यूलियन यांना मिळाला नाही, तेव्हा व्हिएन्नातील एक जुने ज्यू स्नेही त्यांच्या मदतीला आले. नाझींच्या तावडीतून सुटण्यासाठी ज्यूलियन यांनी एकेकाळी त्यांना हात दिला होता. आता त्यांनी ग्वाटेमालात तसेच कंद शोधून दिले. एका पदार्थाचे उत्पादन चौपट करण्याची रीत साधल्यावर ज्यूलियन यांनी त्याचा दर किलोला सुमारे चार हजार डॉलरांवरून चारशेवर आणला. स्वस्ताई घडवण्याचे कौशल्य हातात असताना नफा स्वतःपुरता न ठेवण्याची ही वृत्ती त्यांच्या तंत्रज्ञानाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. १९६१ मध्ये कंपनी तेवीस लाख डॉलरांना विकून ते देशातील मोजक्या श्रीमंत कृष्णवर्णीय उद्योजकांत गणले जाऊ लागले.

त्या संपत्तीचा आणि प्रतिष्ठेचा उपयोग त्यांनी कशासाठी केला हेही स्पष्ट आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी न्यायालयीन लढे देणाऱ्या निधीसाठी १९६७ मध्ये त्यांनी विमा व्यावसायिक एसा स्पॉल्डिंग यांच्यासह देशभरच्या कृष्णवर्णीय व्यावसायिकांची समिती बांधली आणि दहा लाख डॉलर उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले. निदर्शने करणाऱ्या तरुणांच्या बाजूने ते उघडपणे बोलत. मुलगा पुढे नागरी हक्कांचे खटले चालवणारा वकील झाला. संशोधनही थांबले नव्हते. १९६४ मध्ये स्थापलेल्या स्वतःच्या संशोधन संस्थेत ते अखेरपर्यंत काम करत राहिले. १९७३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होते. फायसोस्टिग्माइनच्या संश्लेषणाला तोवर अडतीस वर्षे झाली होती. विद्यापीठात राहून विद्यार्थी घडवण्याची आणि मूलभूत संशोधन करण्याची जी संधी आपल्याला हवी होती ती आपल्याच देशाने हिरावून घेतली, ही खंत त्यांनी उतारवयात बोलून दाखवली आणि ती कधी झाकली नाही. १९ एप्रिल १९७५ रोजी, शहात्तरावा वाढदिवस होऊन आठवडा उलटला असताना, यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ओक पार्कने पुढे आपल्या एका माध्यमिक शाळेला त्यांचे नाव दिले आणि १९९३ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने, ज्या खात्यात त्यांचे वडील कारकून होते त्याच खात्याने, त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.